पाचवं रीळ

सारंगखेड्याच्या जत्रेत, तंबूत
चौथं रीळ संपलं. पाचवं आलंच नव्हतं,
दोंडाईच्याच्या एसटीत राहिलेलं.
सुपडूअण्णाने सरळ सहावं चढवलं.

चौथ्यात बाई ताट वाढून उंबऱ्यात बसलेली.
सहाव्यात त्याच दाराला कुलूप,
कडीत खोचलेलं पोस्टकार्ड.

कुणी शिट्टी मारली नाही.
कनातीपलीकडे घोडे फुरफुरत राहिले,
अलीकडे शेंगा फोडणारे हात
थांबले.

सकाळी डबा आला. मी तो धरून उभा,
अण्णा उन्हाकडे रीळ धरून
हात-हात पाहत गेला:
रडणं, वीज, डॉक्टर,
पुन्हा रडणं.
गुंडाळत म्हणाला,
“लोकेस्नी रातले देखी लिधं.”

आता मी पटकथा लिहितो.
अडलो, की एक पान
एसटीत विसरून येतो.