खुर्चीच्या उंचीवरून

पहिल्या सत्रात मी पुण्याचे फोटो काढले.
भिडे पुलाखाली तुंबलेली जलपर्णी,
तुळशीबागेतली पितळी भांडी,
पर्वतीच्या निम्म्यावर धापा टाकणारे आजोबा.
घैसास सरांनी बेचाळीस प्रिंट पत्त्यांसारखे पिसले,
टेबलावर पालथे ठेवले,
म्हणाले, "पुणं दिसलं.
तू घरी कुठल्या रस्त्यानं जातेस?"

कर्वेनगरातून. सायकल हातात धरून,
कारण तिची चेन पडते.

त्या चालीनं चालताना दिसल्या खुर्च्या.
सोसायट्यांच्या फाटकांशी, वॉचमनच्या.
एक विटेवर तोललेली,
एक कुठल्याशा ऑफिसातून हाकललेली, बिनचाकांची,
एक साखळीनं पाइपाला बांधलेली,
जणू तीच पळून जाईल.

मी रिकाम्याच काढायचे.
वहीत लिहिलं : अनुपस्थिती, श्रम, शहर.
खरं कारण वहीत नव्हतं.
मला माणसांना विचारायची लाज वाटायची.
दुपारी दोनला, ते डबा खायला आत गेले की
मी मांजरासारखी यायचे.

सर म्हणाले, "नीट आहे. उजेड सारखा, चौकट सारखी.
फर्निचरचं दुकान काढणार आहेस?"
वर्ग हसला. मीही हसले.
वसतिगृहात न जेवता झोपले.

मग स्वानंद अपार्टमेंट, बी विंग,
गजभारेकाका, हिंगोलीकडचे.
"रोज येता. खुर्चीचं काय काढता?
तुटली म्हणून कंपनीला दाखवणार का?"
"कॉलेजचं काम आहे."
"मग बसा तिच्यावर. मी मोटर लावून येतो.
कुणी आलं तर वहीत नाव लिहून घ्या."

बसले.
खुर्ची डावीकडे कलते. पाठीत तारेचं टोक.
त्या उंचीवर माणसांना आधी चेहरे नसतात.
चाव्या असतात, कुत्र्याचा पट्टा,
पिशवीतून ठिबकणारं दूध.
गाडी आत वळते तेव्हा तिच्या काळ्या काचेवरून
आपलंच डोकं सरकत जातं.
एक बाई मोबाइलमध्ये बघत म्हणाल्या,
"काका, पार्सल आलं का?"
मी म्हटलं, "नाही."
त्या गेल्या.

कॅमेरा मांडीवर होता.
डोळ्याला न लावता
तिथूनच बटण दाबलं.

उरलेल्या सत्रात अकरा खुर्च्यांवर बसले. विचारून.
विचारणं हाच निम्मा प्रोजेक्ट निघाला :
गाव कुठलं, पाळी किती तासांची,
पावसाळ्यात खुर्ची कुठे सरकवता.
बाराव्यांनी नको म्हटलं.
त्या पानावर फोटो नाही, नुसतं माप आहे,
बैठकीची उंची साडेसोळा इंच.

परीक्षेला प्रिंट लावले जमिनीपासून साडेतीन फुटांवर.
बाहेरचे परीक्षक गुडघ्यावर हात ठेवून वाकले,
"टांगणी चुकलीय," म्हणाले.
घैसास सर काही बोलले नाहीत.
कोपऱ्यातलं स्टूल ओढून
माझ्या भिंतीसमोर बसले, बराच वेळ.
गुण बरे पडले. बरे म्हणजे फार नाहीत.

गजभारेकाकांना बघायला यायला सुट्टी नव्हती.
त्यांनी एकच मागितलं :
नव्या ओळखपत्रासाठी पासपोर्ट साइज, आठ.
मीटरबॉक्सशेजारच्या पांढऱ्या भिंतीशी उभे राहिले,
टोपी काढून, केसांना पाणी लावून.
मी दोनदा म्हटलं, "थोडं हसा."
"हसून कसं चालेल," ते म्हणाले,
"गेटवर ओळख पटायला हवी."

तो फोटो प्रोजेक्टमध्ये नाही.
कापताना एका प्रतीची कड तिरकी गेली,
म्हणून नववी काढावी लागली.
ती तिरकी माझ्या बॅगेत आहे, बॅटरीच्या कप्प्यात.
बॅटरी बदलायला हात घातला
की आधी ती लागते.