लाइटबिलाच्या पाठीमागे

लाइटबिलाच्या पाठीमागे मी रकाने आखले होते:
पाणी, शाळा, चढ, रिक्षा, भाडं.
दुपारपर्यंत त्यावर
आप्पांच्या चहाच्या कपाचा गोल उमटला,
नेमका कुवारबावावर.

कुवारबावाला सगळं होतं.
हायवे हाताशी, मेडिकल हाताशी,
लिफ्ट, आणि लिफ्टमध्ये आरसा.
जागा बघायला आलेला माणूस
अशा आरशात जरा जास्तच गरीब दिसतो.
खिडकी उघडली तर समोर दुसऱ्याची खिडकी,
तिच्यात वाळणारा शाळेचा गणवेश.
मनवाने विचारलं, ही मुलगी कितवीत असेल?
एजंट शिवलकर म्हणाले, इथे कोणी कोणाला विचारत नाही,
फायदाच आहे तो, मॅडम.
फायदाच, असं दोनदा म्हणाले.

मिऱ्याला समुद्र होता.
म्हणजे अगदी होता, पडवीपासून साठ पावलांवर.
आप्पांच्या पावलांनी चौऱ्याऐंशी.
तीस वर्षं साखरीनाट्याला बर्फ फोडलेला माणूस,
वारा नाकाने वाचतो.
काठी बंधाऱ्याकडे करून म्हणाले,
हे दगड दरवर्षी नवे का आणतात, विचार त्याला.
शिवलकरांनी न वाजलेला फोन कानाला लावला.
आत फ्रिजच्या जागेमागे
भिंतीला मीठ फुललं होतं, बोट लावलं की भुगा.
भाडं फारच कमी.
उरलेलं समुद्र वसूल करत असणार.

शिरगावाला अंगण, आड, दोन माड,
रातांब्याखाली कोणाची तरी मोडकी तीनचाकी सायकल.
महेंद्र पाच मिनिटं काही बोलला नाही.
त्याला आवडलं की तो असाच गप्प होतो,
आमच्या लग्नाच्या बोलणीतही गप्पच होता.
मी मात्र माझी पाळी मोजत होते.
सिव्हिलमधून सुटेपर्यंत साडेनऊ,
मिळाली तर रिक्षा,
पुढे कातळावरचा रस्ता, खांब आहेत, दिवे नाहीत.
आवडणं आणि पोचणं,
यांच्यामध्ये बाईला किती चालावं लागतं,
हा रकाना मी आखलाच नव्हता.

नाचण्याला आम्ही फक्त वाटेत आहे म्हणून थांबलो.
जांभ्याच्या पायऱ्या, वर दोन बिऱ्हाडं, एक रिकामं.
पाणी चोवीस तास, शिवलकर म्हणाले.
तेवढ्यात शेजारचं दार उघडलं.
सुलताना मुकादम, कोपरापर्यंत तांदळाचं पीठ.
चोवीस तास? कोण म्हणतो?
एक दिवसाआड येतं, रात्री अडीचला, पाऊण तास.
मे महिन्यात टँकर.
माकडं येतात, पपईचं झाड लावू नका, जीव जळतो नुसता.
वरच्या बागेत मोहोराला औषध मारतात
तेव्हा दोन दिवस डोकं धरतं.
आणि ह्या पायऱ्या बेचाळीस.
तुमचे सासरे ना ते, खाली बसलेत?
बसू दे, तो माझाच दगड आहे.
बाजार करून आले की मीही तिथेच दम खाते.

शिवलकर चप्पल शोधू लागले, पायात असलेली.

मी बिल उलटं धरून उभी राहिले.
पाण्याखाली लिहिलं, अडीच.
चढाखाली काय लिहावं सुचेना.
खालून आप्पांचा आवाज येत होता,
कोणाशी तरी बांगड्याच्या भावावरून हुज्जत घालत होते,
आणि मनवा तिसऱ्यांदा वर येऊन सांगत होती,
बेचाळीस नाहीत गं, त्रेचाळीस आहेत.
गजर नाही ऐकू आला तर? मी विचारलं.
तर मी कडी वाजवीन, सुलताना म्हणाली,
आणि भाकरी करपेल म्हणून आत गेली.

डिपॉझिट किती म्हणालात, शिवलकर?

सामान हलवायला अजून तीन आठवडे होते.
त्या रात्री लांज्याच्या घरात
मला अडीचला जाग आली.
उठून नळ सोडला.
पाणी होतं, धो धो.
उगीच एक बादली भरून ठेवली.