दुखणार नाही ने?

दांडिया बाजारात, औषधांच्या दुकानावर
पहिल्या मजल्याला दात, दुसऱ्याला कातडी,
आणि शनिवारी दुपारी अहमदाबादहून येणारे
डॉक्टर झवेरी, प्लास्टिकवाले.
प्लास्टिकवाले म्हणजे बादल्या विकणारे नव्हेत,
हे मला काउंटरवरून
महिन्यातून दोनदा तरी सांगावं लागतं.

एकोणीस वर्षं पहिला प्रश्न तोच.
दुखेल का?
आमच्या बडोद्यात तो असा येतो :
दुखणार नाही ने?
त्या 'ने'चं बोट धरून
मोठी मोठी माणसं खुर्चीवर चढतात.

दुसरा, किती होतील?
तिसरा, हप्त्यानं चालेल?
चौथ्यापासून माणसं वेगळी व्हायला लागतात.

दाढ काढल्यावर सेव-उसळ कधी?
आज नाही, काका. उद्याही नाही.
तरी जिना उतरून ते गाडीपाशी उभे,
गालात कापूस,
नुसता वास घेत.

नस मारलेला दात
म्हणजे मेलेलाच ना? तो तोंडात ठेवायचा?

वांग जाईल? गेलं तर परत येईल?
मलम संपल्यावर पुन्हा जुनंच तोंड का?

कवळी लावून 'ष' म्हणता येईल?
हे निवृत्त संस्कृत मास्तर, अग्निहोत्री.
वैशाखात नातवाची मुंज.
माझ्यासमोर उभं राहून त्यांनी
षट्कोन, षण्मुख, षोडश म्हणून पाहिलं.
रजिस्टरवर थुंकी उडाली.
आम्ही दोघांनीही ती पाहिली नाही.

आणि ती अठरा वर्षांची मुलगी,
नाकावर बोट ठेवून :
हे बाबांचं आहे. बदलता येईल?
बाबा शेजारीच होते,
तेच नाक घेऊन,
तपासणीचे पैसे काढत.

उत्तरं मला पाठ आहेत.
तरी म्हणते, डॉक्टरांना विचारा.
पांढऱ्या कोटातून आलेलं उत्तरच
गोळीसारखं लागू पडतं.

परवाच्या शनिवारी
वत्सला शितोळे, बासष्ट, वाडी भागातून, एकट्या.
डाव्या कानाची पाळी तळापर्यंत चिरलेली,
बटेखाली चाळीस वर्षं झाकलेली.

फॉर्मवर एक रकाना असतो : कशामुळे?
कानांच्या बाबतीत मी विचारत बसत नाही,
आपली आपण लिहिते, वजनानं.
आमच्याकडच्या बायकांचे झुमके तुम्ही पाहिलेत?
महिन्याला सात-आठ तरी कान येतात.

त्या म्हणाल्या, हो, लिहा. वजनानं.
मग रुमालाची घडी उलगडून पुन्हा घालत :
नवरात्र होतं.
गरब्याहून यायला मला उशीर झाला होता.

रकाना अर्ध्या ओळीचा आहे.
मी जे लिहिलं होतं तेच राहू दिलं.

एसी बिघडलेला, म्हणून दार उघडं.
आत डॉक्टर नेहमीचं सांगत होते :
भूल पाळीपुरतीच. अर्ध्या तासाचं काम.
आठव्या दिवशी टाके.
तीन महिन्यांनी जरा बाजूला
नवं भोक पाडून देऊ,
हलके कुडे घाला मग, हौसेनं.

दुखेल का, त्यांनी विचारलं नाही.
किती होतील, तेही नाही,
फोनवरच विचारून, नोटांना रबर लावून आणलं होतं.
एवढंच म्हणाल्या,
परत नाही टोचला, तर चालेल?
नुसता असू द्या. कानासारखा कान.

डॉक्टर झवेरी क्षणभर गोंधळले.
चालेल की, म्हणाले,
न चालायला काय झालं.

टाके काढायला आल्या तेव्हा
केस वर बांधलेले.
मी सूचनांचा छापील कागद पुढे केला :
पाणी लागू देऊ नये. मलम दोन वेळा.
त्या कुशीवर झोपू नये.
शेवटची ओळ,
टोचून घेण्यासाठी तीन महिन्यांनी यावे.

ती ओळ मी पेनानं खोडली,
हळूच,
कागदाला भोक पडू नये म्हणून.