बसल्यावरच खो

धुळ्याच्या डॉक्टरबाईंनी पट्टी टेबलावर पसरली,
गुलाबी चौकटींचा कागद, त्यावर यामिनीचं हृदय.
म्हणाल्या, ठोका पडला की ते क्षणभर खाली बसतं.
हिचं बसायला जरा वेळ लावतं.
आणि नीट बसायच्या आत कुणी उठवलं, तर...
यामिनीच बोलली : तर फाऊल.

बाई हसल्या. मग विचारलं,
घरात कुणी असं अचानक?
मी नाही म्हणाले.
परतीची एसटी सावळद्याच्या पुलावर आली
तेव्हा खिडकीतून तापी दिसली, आणि भालू.
चौदा वर्षांचा. पुरात उडी टाकणारा.
गेला तो एप्रिलच्या पाण्यात, छातीएवढ्या,
हातसुद्धा वर न करता.
भोवरा, म्हणाले गावातले.
तापी माय लई गयी त्याले, म्हणाली आई
आणि तीस वर्षं नदीला नारळ दिला नाही.
नदीवर उगाच आळ.

खो पाठीमागून येतो.
कोण देतंय ते दिसत नाही, नुसता पंजा लागतो.
भालूला लागला. मलाही लागलेला निघाला,
चाळीस वर्षं मी तो ऐकलाच नाही,
मिरच्यांची देठं खुडत बसून राहिले.
आणि माझ्या हातून तो पोरीला.
नाक माझं, केस माझे, हेही माझंच.

सासरचे म्हणाले, मैदान बंद.
झालं बंद.
पावसाळा गेला, थंडी गेली,
एका रात्री अंगणात आवाज, दबका :
खो.
खो.
आठ विटा मांडल्या होत्या तिनं ओळीत,
एकीचं तोंड इकडे, एकीचं तिकडे
(विटेला तोंड असतं हे मला तेव्हा कळलं),
आणि चालत, पळत नव्हती हं,
एकेकीच्या पाठीला हात लावत होती.

मग पुन्हा धुळे, तिथून नाशिक.
तारा लावून पट्ट्यावर पळवलं तिला.
गोळी सकाळ-संध्याकाळ, चुकवायची नाही.
पोहणं नाही. तापात खेळ नाही.
एकटीनं सराव नाही.
बाकीचं आपण सगळे मिळून ठरवू, म्हणाले मोठे डॉक्टर,
आणि खुर्ची फिरवली
तिच्याकडे. माझ्याकडे नाही.

वाडिले सरांनी रबरी बाहुल्याची छाती दाबून दाबून
शर्ट भिजवला.
मग रिंकी पावरानं दाबली, मग सगळ्या बारा जणींनी.
शॉकचं यंत्र शाळेनं घेतलं,
कपाटात ठेवलं. किल्ली शिपायाकडे.
शिपाई पाचला घरी.
सराव साडेपाचला.

म्हणून ते आता माझ्या मांडीवर असतं.
नारिंगी डबा. बायांना वाटतं पोरीची भाजी-भाकर.
काय शे डबामा, माय?
खाऊ, म्हणते.

तिसऱ्या चौकोनात यामिनी, पाठ माझ्याकडे,
वेणीखाली ओला टी-शर्ट.
मी मोजत नाही. मोजते.
रिंकी मागून येतेय, हात पुढे,
बस बाई, आधी नीट बस,
बोटं माझी झाकणावर,

खो.