गळ

एकोणपन्नास वर्षांनी तीच कादंबरी पुन्हा हातात.
फिरत्या वाचनालयाची बस गुरुवारी तळ्याच्या वळणावर थांबते,
दहा मिनिटं, इंजिन चालूच ठेवून,
कारण उणे अठ्ठावीसात बंद केलं
तर ते पुन्हा सुरू होईलच असं नाही.
पिर्क्कोनं शिक्का मारता मारता म्हटलं,
"हे तर मुलांचं आहे, राउनी."
"हो," मी म्हटलं, "माझंच आहे."

दुपारी दोनला अंधार पडला. दिवा ओढून घेतला.
पहिली शंभर पानं मी नुसत्या ओळखी काढत गेले,
गावी परतलेल्या माणसासारख्या:
हा मिठाचा घाट, ही बोलकी भट्टी,
ही वेलिना, सावली गहाण टाकून नदी ओलांडणारी.
तेव्हा ती मोठी वाटायची, माझ्या भावाएवढी, तेरा वर्षांची.
आता वाटतं, अरे, कुणीतरी या पोरीला आधी टोपी घाला.
आणि घाटावरचा जकातदार,
ज्याला मी दुष्ट दुष्ट म्हणायचे,
तो नुसता दमलेला आहे.
लोकांच्या सावल्या घडी घालून फळीवर ठेवतो,
प्रत्येकीवर नाव लिहून.
हे मला आठवतच नव्हतं.

लेखकाचा हात जरा सैल आहे.
एकाच प्रकरणात चंद्र चार वेळा चांदीचा.
चालायचंच.
मी वाट पाहत होते ड्रॅगनची.

गुहा. वेलिनाच्या हातात तलवार.
म्हातारा ड्रॅगन जबडा उघडतो,
आग ओकायला नाही, दाखवायला:
हिरडीत रुतलेला मासेमारीचा गळ,
गंजलेला, तीनशे वर्षांचा.
काढ ना, म्हणून तो तिला गळ घालतो.
ती तलवार खाली ठेवते.
खिशातून पक्कड काढते,
लाल मुठींची, एका मुठीवर चिकटपट्टी गुंडाळलेली.

हे सगळं मला पाठ होतं.
आजवर कुणालाही ही कादंबरी सांगितली
ती याच पानापासून.

दोनशे बारावं पान आलं.
वेलिनानं तलवार खुपसली.
ड्रॅगन दोन ओळींत मेला.
तिसरीत लोकांनी झेंडे लावले.

मागचं प्रकरण पाहिलं, पुढचं पाहिलं,
आवृत्ती पाहिली, छापल्याचं साल पाहिलं.
पुस्तक उलटं धरून झटकलंसुद्धा,
जणू पक्कड त्यातून खाली पडेल.

शेवटी तूरेला फोन लावला.
त्याचा गुडघा नुकताच बदललाय, तो आधी त्याबद्दल बोलला,
मग बर्फाबद्दल, मग पुन्हा गुडघ्याबद्दल.
"आपल्या पुस्तकात एक पान फाटलं होतं का रे?"
पलीकडे बराच वेळ कॉफीचं यंत्र गुरगुरत राहिलं.
"पान होतं की," तो म्हणाला. "मीच वाचलं नाही."

गोवर आला होता मला. खिडक्यांवर घोंगड्या,
डोळ्यांवर ओलं फडकं,
आणि तूरेचा फुटत चाललेला आवाज,
मध्येच जाडा, मध्येच बारीक.
मी मात्र आयुष्यभर सांगत आले,
हे पुस्तक मी स्वतः वाचलंय.

त्याच्या आदल्या शनिवारी बाबांची होडी सापडली होती
लव्हाळ्यात अडकलेली.
आत एक रबरी बूट, जाळ्याचा गुंता,
आणि ती पक्कड.

"घरात अजून एक मेलेलं
कुठे ठेवलं असतं, राउनी?"

मी काही बोलले नाही.
माझ्या हिशेबी तो ड्रॅगन अजून जिवंत आहे,
हिरडी सुजलेली, गालावर पंजा,
मिठाच्या पाण्यानं गुळण्या करत बसलेला.
तो पुढे कुठेच कसा येत नाही,
हे अकराव्या वर्षी मी विचारलं नाही.
आता विचारलं.
"गळ निघाल्यावर काय म्हणाला रे तो?"

"कोण जाणे," तूरे म्हणाला.
"तू झोपलीस ना.
मला पुढचं रचावंच लागलं नाही."