दुसऱ्यातून तिसऱ्यात

दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना
गाडी उंबऱ्याला ठेचकाळते.
फार नाही. मांडीवरच्या डब्यातलं ताक
झाकणाला लागेल, इतकंच.
वृंदा म्हणायची, दोष तुझ्या पायाचा.
मग ती स्वतः शिकली, चौथ्या परीक्षेत पास झाली,
आणि तिच्याही पायाखाली तेच.

सोहारच्या हायवेवरचं शोरूम आतून इतकं गार
की बाहेरचा ऑगस्ट काचेवर घाम होऊन ओघळतो.
बिनोयनं कागदी कपातली कॉफी पुढे केली,
नंबर टाकला, आणि स्क्रीनकडेच बघत म्हणाला,
वॉरंटी संपली, सर. अकरा दिवस झाले.
अकराच ना, म्हटलं, अजून तेरावा व्हायचाय.
त्याला कळलं नाही. बरं झालं.

गिअरबॉक्सचं काम. सहाशे बारा रियाल, मजुरी वेगळी.
मग त्यानं पेन खाली ठेवलं, मागे एकदा पाहिलं,
आणि आजाराचं नाव घ्यावं तशा आवाजात म्हणाला,
"सब में है, सर. इस मॉडेल में सब में."
कंपनीचं पत्रकही आलंय.
पत्रक गिऱ्हाईकाला दाखवायचं नसतं.

रात्री फाइल उपसली.
पोरीच्या लशी, रेसिडेन्स कार्डाच्या झेरॉक्स,
एका फ्रीजची पावती, जो आता आमच्याकडे नाही,
आणि चौदा महिन्यांपूर्वीचं जॉबकार्ड:
गिऱ्हाईक म्हणतं गचका बसतो. फिरवून पाहिली. नॉर्मल.
खाली सही, शिक्का.

वृंदा नाचायची बाकी होती.
मी मात्र त्या 'नॉर्मल'कडे बघत राहिलो.
अक्षर माझं नव्हतं, पण हात ओळखीचा.
बंदराजवळच्या पाइप कारखान्यात, तिसऱ्या शेडमध्ये,
गेजचा काटा लाल रेघेवर थरथरतो,
दारात ट्रक भोंगा वाजवतो,
जेवणाची सुट्टी टळून गेलेली असते,
आणि मी लिहितो: मर्यादेत.
मार्चमध्ये चाळीस नळ्या अशा गेल्या.
कुठेतरी वाळूखाली झोपल्यात.
त्यांची वॉरंटी अजून चालू आहे.

वृंदाला मॅनेजर करून तालीम केली.
तिनं मला दोनदा हाकलून दिलं.
खऱ्या मॅनेजरनं, खमीस नाव त्याचं,
कार्ड वाचलं, उलटं करून कोरी बाजूही वाचली,
माझ्या इंग्रजी भाषणाचं पहिलं वाक्य
घशात असतानाच म्हणाला,
पार्ट आमचा, मजुरी तुमची.
आणि एक कागद सरकवला:
ही सवलत आहे, हक्क नव्हे;
इतर कोणाला सांगणार नाही.
सही केली. सह्यांचा हात बसलेला आहे.

आता दुसऱ्यातून तिसऱ्यात काहीच होत नाही.
पाय तेवढा सावध होतो,
जिथे पायरी नाही तिथे पायरी धरून.

खालच्या मजल्यावर मेरिसेल राहते, सरकारी इस्पितळात नर्स.
हीच गाडी, रंगसुद्धा हाच, फक्त वर्षभर नवी.
पहाटे रात्रपाळीहून येते.
आज गॅलरीत दात घासत होतो.
पेट्रोलपंपाच्या वळणावरून तिनं वेग घेतला
आणि गाडीनं एकदा मान टाकली,
पेंगुळल्यासारखी.

तोंडात फेस तसाच,
चपला सापडेनात,
जिन्याचा कठडा पहाटेही गरम.
वॉरंटी संपली नसेल तर जॉबकार्ड करून घे,
आणि 'नॉर्मल' लिहिलं तरी फेकू नकोस,
एवढंच सांगायचं होतं. तिनं ऐकलं,
आणि विचारलं, तुला कसं माहीत?

मार्चचं रजिस्टर मी अजून उघडलेलं नाही.