हातचा

रात्री दोनला हायड्रंट उघडला तेव्हा
चिआतुरा झोपलेलं होतं.
दरीपलीकडे खाणीवरचा एक दिवा तेवढा जागा.
टॉर्च दातात धरून मी गेज वाचला:
एकवीस मीटर.
लॅपटॉप म्हणत होता, अडतीस.

सतरा मीटर. म्हणजे सहाव्या मजल्यावरची लामारा
गुडघे धरत, बादली घेऊन
खाली येते तेवढं.

ऑफिसात येऊन मी पाइपाला म्हातारा केला.
आतल्या गुळगुळीतपणाचा आकडा एकशे दहा होता,
ऐंशी केला, साठ केला,
बेचाळीसला रेषा रेषेवर बसली.
पडद्यावर सगळे ठिपके हिरवे.
इतकं सोपं असतं:
एकाला पुरेसं गंजलेलं मानलं
की सगळ्यांचा ताळा जमतो.

पण मार्चमध्ये तोच पाइप कापलेला मी पाहिला होता,
आतून धुतलेल्या बशीसारखा.
कुठेतरी पाणी मुरत होतं,
आणि जमिनीत नव्हतं.

ओतिया, एक्केचाळीस वर्षं चावीवाला.
आधी म्हणाला, मला काय माहीत.
मग सूर्यफुलाच्या बिया सोलत बसला.
मग म्हणाला, त्र्याण्णवच्या हिवाळ्यात वीज नव्हती,
पंप दिवसातून तासभर.
हॉस्पिटल वर होतं.
खालच्या गल्लीची चावी मी अकरा फेरे आवळली.

कितीपैकी?
अठरा.
आणि सोडली कधी?

तो टरफलं गोळा करत राहिला.
हॉस्पिटल बंद पडूनसुद्धा वीस वर्षं झाली.
खालच्या गल्लीत, चौथ्या मजल्यावर,
त्याचंच घर आहे.

मी पाइपाला त्याचं वय परत दिलं.
नकाशावर जिथे काहीच नव्हतं तिथे
एक चावी काढली, सात फेरे उघडी.
मॉडेल म्हणालं, एकवीस पूर्णांक सहा.

साठ सेंटिमीटर उरले.
साहेब म्हणतात, एवढं चालतं.
मी ते कागदाच्या कडेला मांडून ठेवलेत,
शाळेत हातचा मांडायचो तसे.

उद्या ओतिया पहिला फेरा सोडेल, एकच;
पाइपाला इतक्या जोराची सवय राहिलेली नाही.
झाकण लोटून तो उठला, गुडघ्यावरची माती झटकली.
मॉडेलमध्ये लिही काय ते, म्हणाला.
फक्त माझ्या बायकोला
फेरे सांगू नकोस.